ज्वालाचा उजवा हात

घणसोली गाव
२ डिसेंबर २०२४

प्रिय तेजस,
स. न. वि. वि.

पत्र द्रोणागिरीच्या गोदामावर टाकतेय. फोनवर काही विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, आणि अंगठ्याने पुस्तक पुरं होत नाही.

हो, पुस्तक! सातवीत वहीच्या मागच्या पानांवर आपण जी खारफुटीतली पोरं लढवायचो, त्यांचं. प्रकाशक सुचित्राताईंना माझी चित्रं आवडली. राहिलाय फक्त शेवटच्या प्रकरणाचा मजकूर, आणि तो तू लिहायचा असं आपलं ठरलेलं आहे. वीस तारखेपर्यंत सगळं हातात पडलं नाही, तर आपल्या जागी त्या दुसरं पुस्तक घेणार.

एवढंच ठरवू. सरदार ज्वाला आहेच, पण तिचा उजवा हात कोण? तुझा धिप्पाड वादळ्या, की खाडीतल्या निवटी माशासारखी चिखलावरून सुळकन पळणारी आपली निवटी? माझं मत निवटीला. ज्वालाला तोंडावर नाही म्हणायची हिंमत तिच्यातच आहे. आधी तुझं मत कळव, मग लिही.

गोजराआत्या रोज विचारते, आपला लेक वेळेवर जेवतो का. मी बेधडक हो म्हणते. तुझ्या आईशी मला किती खोटं बोलायला लावशील?

लोभ आहेच. वाढवायचा का, ते प्रकरण आल्यावर बघू.

तुझी मामेबहीण,
निशिगंधा


करंजाडे
७ डिसेंबर २०२४

चि. निशी,
अ. उ. आ. (आठ महिन्यांनी का होईना, मोठा आहे. आशीर्वाद गपचूप घे.)

गोदाम सोडलं, तुझं पत्र तिथल्या पोरांनी इथे आणून दिलं. तिथे एक क्रेनवाला होता, वर केबिनमध्ये बसून बासरी वाजवायचा. त्याच्याकडून बासरी शिकणार होतो, तर त्याचीच बदली झाली. मग मी राहून काय करू? आता बंडूशेठच्या मंडपाच्या कामावर आहे. कापड बांधायला शिकलो. झालर लावणं दिसतं तितकं सोपं नाही हां, चुण्या सारख्या पडायला लागतात.

तर मुद्दा. उजवा हात म्हणजे वादळ्याच! सरदार पडला तर दुसऱ्याने धाडकन पुढे यायला पाहिजे. निवटी काय करणार, चिखलात लपणार? उलट वादळ्या तर ज्वालाची वाटसुद्धा बघत नाही. शत्रू दिसला की गेला. मला असला माणूस आवडतो.

आणि तू टेन्शन घेऊ नकोस. दोन दिवसांत प्रकरण लिहून मी थेट सुचित्राताईंनाच पाठवून दिलं. तुझा हेलपाटा वाचला. निवटीला पान तीनवरच जखमी करून घरी बसवलीय. लय भारी झालंय!

जेवतो. आईला सांग. इथे पंगती उठल्या की उरलेलं सगळं आमचंच.

आहे तेवढा लोभ जपून ठेव, मी येऊन वापरतो.

तुझा दादा,
तेजस


घणसोली गाव
११ डिसेंबर २०२४

तेजस,

आज नमस्कारही नाही आणि चमत्कारही नाही.

सुचित्राताईंचा फोन आला. विचारत होत्या, चित्रांत शेवटपर्यंत निवटी लढतेय आणि मजकुरात ती पान तीनपासून घरी कशी? बारा पानं रंगवून झाली होती रे. मी तुझं मत मागितलं होतं, निकाल नाही. तुला वादळ्या हवा होता तर माझ्याशी भांडायचं होतंस. माझ्या पाठीमागून कशाला गेलास?

त्यांनी पुन्हा बजावलंय, चित्रं आणि मजकूर वीसपर्यंत जुळले नाहीत तर पुस्तक नाही. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, ज्वाला शाळेच्या प्रार्थनेसारखी बोलायला लागली.

लोभाचं पुढच्या पत्री.

निशिगंधा


करंजाडे
१५ डिसेंबर २०२४

चि. निशी,
आज आशीर्वाद नको, माझाच नमस्कार घे.

काल हळदीच्या मंडपात खुर्च्या मांडत होतो आणि समोर आई! लग्न लावायचा धवला गायला बोलावलेली. सगळ्या बायकांसमोर तिने माझा कान धरला आणि विचारलं, की एवढा वाळलास कसा. मग वडे वाढले. सहा. तुझं खोटं पकडलं गेलंय, तयारीत राहा.

पण ऐक. आई ओळ म्हणते आणि मागून ठमाकाकी ती उचलते, हे लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं, ठमाकाकीला काय, नुसतं परत तर म्हणायचं. काल मधेच आईला ठसका लागला. ठमाकाकीने सूर तुटूच दिला नाही. पुढच्या चार ओळी तिनेच घेतल्या, नवरीला पत्तासुद्धा लागला नाही. आई पाणी प्यायली, तिने मान हलवली, आणि काकी आपल्या जागेवर परत! मी मुद्दाम विचारलं, की आवाज तुझा मोठा, मग पुढेच का नाय राहिलीस. तर मलाच वेड्यात काढत म्हणाली, येरा झालास काय, लगीन लावाया गोजरा हाय ना. आणि हेही म्हणाली, की गोजरा चुकली तर घरी जाताना रिक्षात मी तिला सोडत नाय.

मी तिथे खुर्ची धरून उभाच. बंडूशेठ ओरडले तेव्हा भान आलं.

माझा वादळ्या पुढे धावतो, पण परत येत नाही. आणि तसला गाढवपणा मी तुझ्याशी करून बसलो. चुकलो गं.

नवीन प्रकरण रात्रभर बसून लिहिलं आणि आज आई निघताना तिच्या पिशवीत दिलंय. ज्वाला पडते, निवटी टोळी सांभाळते, ज्वाला उठते, निवटी बाजूला होते. वादळ्याला बांध फोडायला ठेवलंय, तो खूश आहे. आधी तू वाच. हवं तिथे काट. माझं नाव नाही टाकलंस तरी चालेल.

लोभ उरला असेल तर कळव.

तेजस


घणसोली गाव
२२ डिसेंबर २०२४

प्रिय तेजस,
स. न. वि. वि.

घेतलं! एकोणीसला दिलं, काल होकार आला. सुचित्राताई शेवटचं पान वाचताना चहा प्यायच्या थांबल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुझ्या अकरा ओळी कापल्या. शेवटी ज्वाला निवटीचे आभार मानते, तेही काढलं. त्या दोघी तसल्या नाहीत. ज्वाला फक्त जरा सरकून तिला शेजारी जागा देते, तेवढं चित्र नवीन काढलं.

नाव न टाकण्याचं मात्र मी ऐकलं नाही. मुखपृष्ठावर आधी माझं, मग तुझं. अक्षरं सारखीच मोठी, पट्टीने मोजून घेतलीत.

त्यांना दुसरा भागही हवाय. पाच जानेवारीपासून बसू. त्यात मी वादळ्याचं लग्न लावायचं म्हणतेय, आणि ही कल्पना भिकार आहे असं मला आतून वाटतंय. पण इथे सगळे छान छान म्हणतात. तेव्हा ये, आणि माझ्या समोर बसून नाही म्हण.

लोभ भरपूर आहे, खायला माणूस नाही.

तुझी,
निशी