ग्रहण सुटेपर्यंत गुपचूप

१९ ऑक्टोबर २०२२

दोन रेघा! दुसऱ्या पट्टीवरही दोनच. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर! अक्षय मोरीच्या दारातच नाचायला लागला. नवऱ्याचं तोंड दाबावं लागलं — येत्या मंगळवारी सूर्यग्रहण आहे! आईंना, म्हणजे सासूबाईंना, कळलं की मी खोलीत बंद. चिरायचं नाही, खायचं नाही, हलायचं नाही. आणि तिकडे बोरी अरब गावातल्या शाळेच्या मैदानावर ग्रहण बघायला जमणारी माझी पोरं! वेधशाळेतली नोकरी सोडून इथं शिकवायला आले ती काय ग्रहणात कोंडून घ्यायला? ग्रहण सुटेपर्यंत तोंडाला कुलूप.

२१ ऑक्टोबर

आईंनी फोडणी दिली, मी नाक धरून पळाले.

"काय झालं वं?"

"पित्त."

"सणासुदीत कायचं पित्त!"

जरा जास्तच वेळ बघत होत्या.

२३ ऑक्टोबर

देवघरामागे उभी राहून लोणचं खाल्लं. बरणीतूनच!

वाईट वाटतं. सहा वर्षं आईंनी देवाला साकडं घातलं आणि त्यांनाच पत्ता नाही. शिवाय खरं सांगू? मलाही थोडी धाकधूक आहे. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे वर्गात शिकवणं सोपं असतं.

२४ ऑक्टोबर

पोरांसाठी ग्रहणाचे चष्मे मोजून ठेवले. करंज्या जळल्या.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ

पाहिलं! चतकोर खाल्लेला मावळता सूर्य! "मॅडम, सूर्याले कोनं चावलं?" घरची चाळणी उन्हात धरली, तर शाळेच्या भिंतीवर चावलेले इवले इवले सूर्यच सूर्य! पोरं किंचाळली. मीही.

निघताना आईंना "चला" म्हटलं होतं. "मी घरीच बरी. जाय तू." भांडण नाही, टोमणा नाही. हे काही मला पचलं नाही.

२६ ऑक्टोबर

सांगितलं. आई हसायलाच लागल्या.

"मले फोडणीच्या दिवशीच समजलं."

"मग अडवलं काहून नाही?"

"तू आयकलं असतं काय? म्हून तुह्या वाटचं गिऱ्हान म्याच पाळलं."

दार लावून, पाण्याचा थेंब न घेता, ते दुखरे गुडघे न हलवता बसून होत्या! मला रडूच फुटलं. पाया पडायला वाकले, तर केवढ्यानं ओरडल्या —

"वाकू नको आता!"