आजी कोणत्या तुकड्यात?

आटपाडी, गुरुवार

तीर्थरूप नाथाजीकाका यांस पल्लवीचा वाकून नमस्कार.

एका मोठ्या कंपनीचे चार तुकडे केले, तर आपली आजी कोणत्या तुकड्यात जाईल? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर असूनही येत नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? (हे कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलं तर आजीला कळेल.)

झालं असं. आजी गेल्यावर आजोबा जेवेनात, म्हणून तिचं जुनं रेकॉर्ड केलेलं बोलणं मी फोनमधल्या, त्याच मोठ्या कंपनीच्या, बोलणाऱ्या एआय मदतनिसाला शिकवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोनाड्यातला फोन तिच्या आवाजात विचारतो, "आवं, गोळी घेतली का?" आजोबा गोळी घेतात आणि फोनपुढे अर्धा कप चहा ठेवतात. पण सोमवारी आजी म्हणाली, "पल्लवी उंब्रजला नोकरीला चालली. तुमी एकटं पडणार. दाराला क्यामेरा बसवा, आज स्वस्त हाय." नोकरीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त अर्ज केला होता, त्याच कंपनीच्या ईमेलवरून. फोन कंपनीचा, ईमेल कंपनीचा, क्यामेरा विकणारं ऑनलाइन दुकान कंपनीचं, आणि आता आजीही. आजोबा म्हणाले, "मेल्यावर लय शानी झाली गं!"

अशा कंपन्या तोडाव्यात का, यावर सरकारने लोकांची मतं मागवली आहेत. तोडल्या तर अर्ज बघणारा वेगळा आणि क्यामेरा विकणारा वेगळा होईल. पण आजीचा आवाज कुणीच सांभाळला नाही तर? आजोबांना विचारलं. त्यांनी तुमच्या-आपल्या मेंढरांच्या वाटणीची गोष्ट काढली (राग मानू नका). "कळप दोन झालं म्हणून रोग आला तवा नाथाजीचीच मेंढरं मेली, आपली ऱ्हायली. पर कुत्रं एकच. ते दोन्हीकडं हिंडून हिंडून वाळलं." मग आजीचा कप फोनजवळ सरकवून म्हणाले, "लिव."

ता. क. आजीचा आवाज तुमच्या जुन्या फोनात कुठे राहिला असेल, तर पेनड्राइव्हवर घालून पाठवा. खरं तर पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. २. हे सगळं आत्ता आजोबांना वाचून दाखवलं. कोनाड्यातून आवाज आला, "मग मी कुठं जाऊ, पोरी?" फोन मी बंद केला होता, असं मला वाटतं. आजोबांनी कपात आणखी थोडा चहा ओतला. 'तुकडे करा' हे मत, खाली आजोबांचा अंगठा घेऊन, मी दुपारीच रजिस्टर पोस्टाने पाठवून आले आहे.