सही करण्याआधी ऐकावे

मी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे कामातून गेले असले तरी कान तिखट आहेत, आणि या कागदापुरते कानच महत्त्वाचे.

१. राहती जागा आणि बँकेतली ठेव मुलाला. त्यावर चर्चा नको.

२. रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही स्पीकर आणि सगळ्या रेकॉर्डी सुनेला. तिने एकदा विचारले होते, "आई, यात गाणं कधी सुरू होतं?" होत नाही गं, यात गाणं नसतंच, नुसते आवाज असतात. निळ्या पाकिटातली रेकॉर्ड बारीक आवाजात लाव आणि भाजी चिरत बस. ती चालू आहे हे विसरलीस, की ती लागू पडली असे समज. लोखंडी पत्रे घासल्याच्या आवाजाची रेकॉर्ड मात्र पहिल्या वर्षी लावू नकोस, घाबरशील.

३. जाऊबाई माझ्या संगीताला जन्मभर भुताटकी म्हणत आल्या. त्यांना ती पांढऱ्या पाकिटातली, जवळजवळ काहीच न वाजणारी रेकॉर्ड सुनेने काढून द्यावी. बघू काय नाव ठेवतात.

४. दातांचे डॉक्टर आणि शिंपीदादा यांना मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीदार हे दोघेच हवेत.

कारण सांगते. दर रविवारी माझ्या बाहेरच्या खोलीत आम्ही ऐकणारी मंडळी जमायचो. पाळीपाळीने एकाने काहीतरी सुचवायचे आणि ते संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही, एवढाच नियम. एका रविवारी डॉक्टरांनी एक टेप आणली. थोडी वाजते न वाजते तोच शिंपीदादा म्हणाले, "बाई, फ्रिज दुरुस्तीला टाका!" एकच हशा पिकला. डॉक्टरांनी टेप काढली, चपला घातल्या आणि गेले. ती त्यांनी स्वतः केलेली होती, दवाखान्यातल्या ड्रिलचा आवाज संथ करून. हे शिंपीदादांना नंतर कळले, तेव्हा तेही शरमेने येईनासे झाले. मग बाकीचेही पांगले. मला या दोघांची फार आठवण येते, आणि हॉस्पिटलवाले काहीही म्हणोत, माझ्या हाताशी आता फार रविवार उरलेले नाहीत.

५. म्हणून दोघांना एकाच वेळी बोलावले आहे. डॉक्टरांनी येताना टेप आणावी. ती अख्खी वाजेल, मगच मी सही करीन, आणि माझ्यामागून त्यांनी करावी.

स्थळ: माझी बाहेरची खोली
दिनांक: १४ मार्च, रविवार
लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिला, शिंपी: टेप पूर्ण ऐकली. मध्ये बोललो नाही. (सही)

साक्षीदार दुसरा, दंतवैद्य: खरेच बोलले नाहीत. डोळे पुसत होते. "डॉक्टर, हे लिहू नका हो," म्हणाले. पण साक्षीदाराने पाहिले ते लिहायचे असते. पुढच्या रविवारी सुचवायची पाळी त्यांची आहे. (सही)