डावीकडची खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. चिमीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल परत पोचलो आणि आज आधी हे लिहायला बसलो. तू शाळेतून येईपर्यंत थांबलो नाही म्हणून चिडली असशील. पण थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांना मेंदूचा झटका आला, डावा हात लुळा पडला, पण बोलणं शाबूत आहे असं तू कळवलंस, म्हणून सहा वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं. शेजारच्या मावशींनी दार उघडून दिलं. मी खाटेजवळच्या खुर्चीवर बसलो आणि बाबांना म्हणालो की मी आलोय. त्यांनी तोंड फिरवलं, पलीकडच्या खिडकीकडे. पुन्हा हाक मारली, तर मान आणखीच तिकडे. दोन तास मी त्यांचा कान बघत बसलो होतो.

पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा कुंचला टाकून छापखान्यात यंत्रावर पाट्या छापतो, हे त्यांना किती लागलं ते मला ठाऊक आहे. पण आजारपणातही माणसाने इतकं ताणावं? आता मी येणार नाही. तुझ्यावर राग नाही, एवढं मात्र धरून चाल.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, चिमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तुला मनातल्या मनात झोडपत होते. आज ते सगळं विरून गेलंय. बैस आणि सावकाश वाच.

बाबा हल्ली अर्धंच ताट संपवतात आणि पोट भरलं नाही म्हणून कुरकुरतात. ताट फिरवून ठेवलं की विचारतात, हे कधी वाढलंस. दाढी उजव्याच गालाची करतात. मला वाटलं, अशक्तपणा. परवा खिडकीतून समोरच्या आरोग्यकेंद्राची पाटी वाचून म्हणाले, नुसतं ‘केंद्र’ काय लिहिलंय, कसलं केंद्र ते लोकांना कळायला नको का? दादा, ती पाटी त्यांनीच रंगवलेली आहे. मी हसले, आणि मग तडक डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत. लक्ष कुठे न्यायचं हे सांभाळणारी मेंदूतली उजवीकडची जागा दुखावली आहे. डावीकडे त्यांना अंधार दिसतो असं नाही. त्यांच्या लेखी डावीकडे काही नसतंच, म्हणून काही राहून गेल्याची रुखरुखही नाही. तिकडून हाक आली तरी ते उजवीकडेच शोधतात, कारण शोधायला तेवढंच जग उरलंय.

तुझी खुर्ची डावीकडे होती.

मी बाबांना आडून विचारलं. म्हणाले की त्या दिवशी खिडकीतून दोनदा थोरल्याचा आवाज आला. डोळे ताणून पाहिलं, तर नुसता पडदा. आपलं डोकं फिरत चाललंय असं वाटून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारभर तुझं लहानपणच का आठवत होतं, तेही त्यांना उमगलं नव्हतं.

आता रुसून बसलास तर मीच येऊन कान धरीन. माया असू दे.

तुझी,
चिमी

१८ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चहा करायला आत गेलीस तेव्हा घडलेलं तुला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

मी उजवीकडे बसलो होतो. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता आणि छापखान्यात अक्षरांमधलं अंतर कोण ठरवतं, म्हणून विचारत होते. मी उत्तर देत देत उठलो आणि पायथ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. खाटेची मधली रेघ ओलांडली आणि मी त्यांच्या जगातून नाहीसा झालो. माझा आवाज चालू होता, आणि ते रिकाम्या जागेला विचारत होते की गेलास कुठे. घाईने परत आलो. चेहरा असा उजळला, जणू मी परगावाहून आलोय.

चिमे, मी तेव्हापासून रस्त्याने चालताना बिचकतो. माझ्याही नजरेसमोरून काय काय जात असेल आणि मला पत्ता नसेल? सगळं दिसतंय असं तर मलाही वाटतं. त्यांनाही तसंच वाटतं.

तुझाच,
दादा

२ मार्च

चि. थोरल्यास, बाबाचे आशीर्वाद.

कागदाच्या डाव्या कडेला व्यायाम घेणाऱ्या बाईंनी लाल पट्टी चिकटवली आहे. प्रत्येक ओळीआधी ती सापडेपर्यंत मान वळवायची, असा त्यांचा हुकूम. एवढ्या मजकुराला तीन दिवस लागले.

चाळीस वर्षं पाट्या रंगवताना मी समजत होतो, डोळे उघडले की जग दिसतं. तसं नाही रे. आत कुणीतरी कंदील धरून उभा आहे. तो फिरवील तेवढंच जग. माझा कंदीलवाला एकाच अंगाला वळून राहिलाय, आणि मला ते जाणवतही नाही. लोकांनी सांगितलं म्हणून मानतो. भीती वाटते, पण त्याहून नवल वाटतं.

चिमी म्हणते, तू दोन तास बसला होतास. मी पाहिलं नाही, तरी कुठेतरी मला ते कळलं होतं.

सगळे माझ्या सोयीसाठी उजवीकडे बसतात. तू येशील तेव्हा डावीकडेच बस आणि बोलत राहा. मला वेळ लागेल, पण मी वळेन.

तुझी वाट पाहणारा,
बाबा