माझ्या जागेवरची खुर्ची

३ ऑगस्ट, सोमवार
आले एकदाची. नाट्यशाळेत नाव लागलं, राहायला खोली मिळाली आणि नोकरीसुद्धा, तीही चष्म्याच्या दुकानात, पंख्याखाली. सकाळी आठ ते एक दुकान, दीडला तालीम. मधल्या अर्ध्या तासात जेवण आणि पळापळ. आईने फोनवर विचारलं, झेपेल का तुला? म्हटलं, न झेपायला काय झालंय.

नाटक बसवणाऱ्या मॅडमच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणतात. त्यांनी मला धाकट्या बहिणीची भूमिका दिली. पहिल्याच नाटकात. मी हवेत आहे.

११ ऑगस्ट, मंगळवार
इथे एक अजब पद्धत आहे. कोणी तालमीला आलं नाही, तर त्याच्या जागेवर खुर्ची मांडतात, पुढ्यात त्याचे तालमीचे कापडी बूट ठेवतात आणि बाकीचे खुशाल खुर्चीशी बोलतात. खुर्ची मांडली की खाडा लागत नाही. नाही मांडली, तर तीन खाड्यांत भूमिका गेली.

दुकानाच्या मालकीणबाई नेमक्या पाऊण वाजता गिऱ्हाईक माझ्या गळ्यात मारतात. आजच्या आजोबांनी एकोणीस फ्रेम लावून पाहिल्या आणि शेवटी स्वतःचा जुनाच चष्मा पुसून मागितला. धापा टाकत पोचले तेव्हा पहिला अंक संपला होता. नाटकात माझा थोरला भाऊ झालेला लंबू म्हणाला, घाबरू नकोस, तुझी खुर्ची मी मांडली होती. आता मीही माझे बूट रोज तिथेच ठेवून येणार आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार
या आठवड्यात एकदाही वेळेवर नाही. काल तर गेलेच नाही, माल आला होता. जेवताना संवाद पाठ करते, संवाद म्हणताना डुलक्या येतात. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. चिडचिड नुसती.

आज लंबू म्हणाला, काल रडण्याचा प्रवेश काय सुंदर केलास. टोमणा समजून पाठ फिरवली.

२७ ऑगस्ट, गुरुवार
टोमणा नव्हता. आज मी चक्क वेळेवर पोचले, तरी खुर्ची मांडलेली होती. बाजूला सारली, तर शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकली आणि विचारलं, तिला कशाला हलवतेस? सगळे माझ्याकडे कंटाळून बघत होते. मी रडण्याचा प्रवेश केला. त्या म्हणाल्या, कालच्या पासंगालाही पुरत नाही.

काल मी काउंटरवर होते. पाय तुटेस्तोवर धावते मी, आणि कौतुक लाकडाचं.

२ सप्टेंबर, बुधवार
बूट परत न्यावेत म्हणून उचलले. आतून गरम होते. टाचा झिजल्या आहेत. मी ते पाच वेळासुद्धा घातलेले नाहीत.

तिथेच ठेवून आले.

५ सप्टेंबर, शनिवार
आईचा फोन. म्हणाली, काल दुपारी नाट्यशाळेतून फोनवर किती छान बोललीस, आवाज किती सुधारलाय तुझा.

काल दुपारी मी दुकानात होते. मालच मोजत होते संध्याकाळपर्यंत. आईला सांगणार होते, पण तिला इतका आनंद झाला होता की—

८ सप्टेंबर, मंगळवार
नोकरी सोडली. मालकीणबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. बिल्ला काढून काउंटरवर ठेवला.

उद्या सगळ्यांच्या आधी जाणार. त्या खुर्चीवर मीच बसणार. भूमिका माझी आहे, बघू कोण उठवतं.

९ सप्टेंबर
बसलेय. वही मांडीवर. सगळे आले. लंबूने माझ्याकडे बघून संवाद म्हटला, माझ्याकडेच. हायसं वाटलं.

मी उत्तर दिलं. कोणी ऐकलं नाही. पुन्हा दिलं— ओरडून—

लंबू थांबला. माझ्या वाक्याला लागतो तेवढाच वेळ. मग पुढे गेला.

उठता येत नाही. पाय लाकडासारखे— नाही, सारखे नाही—

दार उघडलं. कोणीतरी धापा टाकत आलं. छातीवर दुकानाचा बिल्ला. माझा. माझ्या पुढ्यातले बूट घातले तिने, नेमके बसले—

शिट्टीबाई म्हणतायत, ही आली बघा, आता खुर्ची उचला.

लंबू येतोय. वाकला. त्याचे हात माझ्या