फुमीबाईंच्या बंगल्याची जागा

अल खौद, मस्कत
१९ जानेवारी २००८

ती. आईंना,
कांताचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं आणि मुगवड्यांचा डबाही पोचला. तृप्तीने त्याच दिवशी वड्यांची भाजी करायला लावली. इथली थंडी म्हणजे पंखा लावावा लागत नाही, एवढीच. तृप्तीची आठवीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर कंपनीने घर राहू दिलं आहे. गुडघ्यांना तेल लावता ना? अतुल भाऊजी आणायचे विसरले तर ओरडा त्यांना.

काल शुक्रवारी आम्ही फुमीबाईंच्या बंगल्याच्या जागेवर गेलो होतो.

तुम्ही इथे आला होतात त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा आठवते ना? आपल्या लोकांना जमायला कुठे जागा नव्हती, तेव्हा त्या जपानी बाईंनी आपलं घर उघडून दिलं होतं. त्यांच्या नवऱ्याने खूप वर्षांपूर्वी बोटीने लाकूड आणून बांधलेलं घर. सरकते कागदी दरवाजे, आत एका फळीवर लाकडी बुद्धमूर्ती. मस्कतहून लोक मुद्दाम बघायला यायचे. तुम्ही सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं आणि बाई शेजारी बसून त्यांच्या भाषेत काही म्हणत राहिल्या. तुम्ही मला हळूच म्हणालात, "शब्द कळत नाहीत, पण हात कसे जोडलेत बघ." नवरा वारल्यावर बाई मायदेशी गेल्या आणि घराची किल्ली ह्यांच्याकडे देऊन गेल्या. तेव्हापासून ह्यांचे शुक्रवार तिथेच जायचे. लाकडाला तेल लाव, दरवाजाचा फाटलेला कागद बदल. मी चिडायचे, की घरातला नळ गळतोय तो कोण बघणार!

तिथे आता काहीच नाही, आई. ढिगारासुद्धा नाही. वादीचं, त्या कोरड्या नदीचं, पात्र रुंद होऊन घराच्या जागेवरून गेलंय. गोटे, वाळू आणि खांब ज्यावर उभे होते ते चार-पाच दगड. एका बाजूला सिमेंटचा चौथरा आणि त्यावरची पाण्याची टाकी तेवढी उभी आहे. पुढच्या महिन्यात तिथून रस्ता काढणार आहेत, बुलडोझर येऊन थांबलाय. म्हणून म्हटलं, जाण्याआधी एकदा बघून यावं. शेजारचे रत्नागिरीचे इरफानभाई गाडी घेऊन आले.

गाडीत तृप्तीने विचारलं, "मम्मा, आपण अजून शोधतो आहोत का?" तिचं मराठी असंच, जपून जपून. मी म्हटलं, "नाही गं, नुसतं बघायला चाललोय." तिने कानात इयरफोन घातले.

तिथे हारून भेटला. बंगल्याचा राखणदार, बलुची. गेल्या जूनमधल्या वादळाच्या दुपारी हे त्यालाच आणायला गेले होते, कारण तो तापाने पडला होता आणि वादीला पाणी चढत होतं. हे तुम्हांला मी तेव्हाच कळवलं होतं. आणि हारूनने पोलिसांना काय सांगितलं तेही कळवलं होतं, की साब पाण्यातून निघून रस्त्याच्या दिशेने चालत गेला.

त्या एका वाक्यावर आपण दोघी एवढे दिवस जगलो. चालत गेले, म्हणजे कुठेतरी पोचले असतील. डोक्याला मार लागून नाव विसरले असतील. तुम्ही तिकडून दवाखान्यांना पत्रं पाठवत होतात, मी इकडे सुहारपासून सूरपर्यंत वॉर्ड पालथे घालत होते. हे गेले असं धरून पुण्यानुमोदनाचं नाव काढलं म्हणून तुम्ही भाऊजींशी बोलणं टाकलंत. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

हारून मला बघून उठला आणि परत खाली बसला. मी म्हटलं, "हारूनभाई, हम लोग इंडिया जा रहे हैं. साब किस तरफ गया था, एक बार दिखा दो. मेरी बेटी को भी दिखा दो."

त्याने तृप्तीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, साब किधर नहीं गया. साब अंदर था."

आई, हे पत्र तुम्ही बसून वाचा.

ह्यांनी त्याला पाठीवर घेऊन टाकीच्या चौथऱ्यावर चढवलं. स्वतःही चढले. दोघंही सुटले होते. तेव्हा हारून रडायला लागला, की माझा पासपोर्ट आत पेटीत राहिला. सुट्टीवर घरी जायचं म्हणून त्याच्या अर्बाबने, मालकाने, नुकताच परत दिला होता. हे म्हणाले, "रो मत, लाता हूँ." तेव्हा पाणी गुडघ्याएवढंच होतं. हे आत गेले आणि वरून लोंढा आला. हारून म्हणाला, घर मोडलं नाही, अख्खं उचललं गेलं आणि समुद्राकडे गेलं. साबची हाक त्याने ऐकली. काय हाक मारली ते मी विचारलं नाही.

"पहले पुलिस से डरा," तो म्हणाला. "फिर आप हर बार पूछने आता था, मैं बोल नहीं सका." त्याने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले. माफ केलं असं मला म्हणता आलं नाही आणि शिव्याही देता आल्या नाहीत. तृप्ती समुद्राच्या बाजूला चालत गेली होती. इरफानभाईंनी तिला आणलं आणि म्हणाले, "चला भाभी."

मेणबत्ती नेली नव्हती, फुलंही नव्हती. पंचशीलाचा पहिला शब्द तोंडात येईना.

लोक म्हणतील, एक जीव वाचवून गेला. तुम्हीही कदाचित तसंच म्हणाल, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात. मला अजून ते पटत नाही. वाचवून झालं होतं, आई. नंतरचं जाणं एका पासपोर्टासाठी होतं.

हे तुम्हांला कळवू नये असं काल दिवसभर वाटत होतं. एकीची आशा तरी राहू दे. पण मग मला तुमच्यासमोर जन्मभर खोटं बोलत बसावं लागलं असतं आणि तेवढं बळ माझ्यात उरलेलं नाही. दवाखान्यांना आता पत्रं लिहू नका. भाऊजींशी बोला. पुण्यानुमोदनाचा दिवस तुम्ही दोघं ठरवा.

परीक्षा संपली की आम्ही दर्यापूरला येऊ. स्टँडवरून रिक्षाने येऊ. आधी तृप्ती उतरेल, मग मी, मग सामान. त्यानंतर रिक्षात कोणी नसेल. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही दारात उभ्या राहून वाट बघत राहणार नाही.

तुमची,
कांता