जोडचाकांच्या मधली जागा

आत्याबाई,

तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि माझं मलाच हसू आलं. तुम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि सून चौथी शिकलेली म्हणून तुम्ही शेजारीपाजारी काय मिरवायचात! "आमची सून छापील वाचती, बरं का." मी लाजून चूर. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माहेरच्यांनी धास्ती घातली होती, सासू लॉरीवाली आहे, जपून राहा. बाईमाणसानं मोटारलॉरी बाळगायची, भाडी ठरवायची, गिरणीच्या मुकादमाशी चढ्या आवाजात बोलायचं, म्हणजे ती काय साधीसुधी बाई असणार! खरं सांगते, पहिले आठ-दहा दिवस मी तुमच्यासमोर मान वर केली नाही. मग एकदा माझी भाकरी तव्यावर करपली. तुम्ही ती उचललीत, शेंगाचटणी लावून मुकाट खाल्लीत आणि म्हणालात, "करपल्याली भाकर पोटाला चांगली असती. पर रोज एवढं चांगलं करू नगंस." तेव्हा कुठं माझी भीती गेली.

मामंजींना मी पाहिलं नाही. त्यांच्या पहिल्या लॉरीला मागं दोन्ही बाजूंना एकेकच चाक होतं. मोहोळहून कापूस घेऊन येताना मागचा टायर फुटला, गाडी कलंडली आणि ते तिच्याखाली सापडले. भावकीनं तुम्हाला सांगितलं, हा धंदा सोड, शेळ्या घे, पोराला शेताला लाव. तुम्ही दुसरी लॉरी आणलीत. पण या खेपेला मागं जोडचाकाची. एका बाजूला दोन टायर, अगदी शेजारी शेजारी. एकानं दगा दिला तर दुसऱ्यानं गाडी पेलायची. त्या दोघांना तुम्ही जावाजावा म्हणायचात. "एका घरात नांदू द्या, पर अंगाला अंग लागू देऊ नगा." तुम्हाला स्वतःला चांगल्या तीन जावा होत्या, तेव्हा अनुभवाचंच बोलणं ते. आणि त्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून बसवलंत कुणाला, तर एकुलत्या एका पोराला. एवढी छाती कुठून आणलीत, मला आजही कळत नाही. गाडी फाटकाबाहेर गेली की ती परत येईपर्यंत तुम्ही पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचात, ते मात्र मी रोज पाहत होते.

लग्नानंतरच्या त्या उन्हाळ्यात मागचे टायर गुळगुळीत झाले आणि यांनी नवे आणले. आधीच्या मापाचे नाहीत, एक माप जाड. ओझं जास्त घेतात म्हणे. दारात गाडी उभी करून हे असे ऐटीत उतरले, जसं काही सासुरवाडीला घोड्यावरून आलेत. मला तर ते गुबगुबीत टायर फारच आवडले. पहिली खेप करून हे मोहोळहून आले, तेव्हा पोराला पाणी विचारायच्या आधी तुम्ही मागच्या चाकापाशी जाऊन उकिडव्या बसलात आणि वास घेतलात. "रबर जळतंय रं." हे म्हणाले, उन्हानं तापलंय. तुम्ही बोट आत घालून दाखवलंत, दोन्ही टायरांच्या आतल्या अंगाला घासून झालेला काळा भुगा होता.

मग जे भांडण जुंपलं! तुमचं म्हणणं, एक तर आधीचं बारीक माप आणायचं, नाहीतर दोन चाकांच्या मधी लोखंडी चकती घालून त्यांना लांब सारायचं. यांना दोन्ही नको. बारीक टायरावर ओझं कमी बसतं, आणि चकत्या घातल्या की बाहेरची चाकं आणखी बाहेर येतात. "गाडी फेंगडी दिसंल, आई. अड्ड्यावर समदी हसतील."

"हसू दे की! हसल्यानं टायर फुटत न्हाई."

"दुकानदार म्हनतोय, जरा घासलं तर घासू द्या."

"दुकानदार बसतोय व्हय तुज्या गाडीत?"

हे रागानं उठले, रिकाम्या गाडीच्या दोन टायरांत हात घालून काढला आणि म्हणाले, हे बघ, एवढी जागा आहे. तुम्ही म्हणालात, "रिकाम्या गाडीचं काय दावतोस? सकाळी भर पोती, मग बघू."

सकाळी सरकीची पोती चढली. मी चुलीपुढं होते, हाताला पीठ तसंच. तुमची हाक आली, "पोरी, हिकडं ये." ओझ्यानं टायर खालच्या अंगाला फुगून एकमेकांकडं कलले होते, वर जागा दिसत होती, जमिनीपाशी जेमतेम फट. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, घाल हात. माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा. बोटं गेली, पंजा गेला, आणि मनगटापाशी कच्चकन आवाज झाला. काचा धुळीत पडल्या. आपल्याकडं बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि इथं नवऱ्याच्या भरल्या गाडीच्या चाकात माझा चुडा! मी गळा काढला. हमाल पोतं तसंच पाठीवर घेऊन जागच्या जागी थांबले. यांचा चेहरा तर राखेसारखा झाला. तुम्ही शांतपणे उठून उभ्या राहिलात, आपले दोन्ही मोकळे हात पुढं केलेत आणि पोराला म्हणालात, "म्या माजा हात घातला असता तर सुळकन गेला असता. माज्या हातात आता हाय काय अडकायला?"

यांनी तिथल्या तिथं पोती उतरवायला सांगितली.

त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्यानं चाकं उतरवून बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "अम्मा, चकती डाले तो बोल्ट भी लंबे होना. नहीं तो चाक अपने से पहले मोहोळ पहुंचता." तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की मीही रडका चेहरा विसरून हसले. लांब बोल्ट आले, चकत्या बसल्या, नट तुम्ही समोर उभ्या राहून आवळून घेतलेत. गाडी खरंच फेंगडी दिसायला लागली. कासाराला बोलावून माझा चुडा भरलात. आणि मग म्हणालात, पहिल्या खेपेला मी जाणार. आणि ही पण. मोहोळच्या रस्त्यानं, भर उन्हात, सरकीच्या पोत्यांवर आपण दोघी सासवासुना पदर घट्ट खोचून बसलोय, बैलगाडीवाले तोंडं उघडी टाकून बघतायत, आणि तुम्ही एका हातानं दोर धरून मागच्या चाकावर वाकलाय, वास घेताय. मामंजी जिथं गेले ती जागा आली तेव्हा तुम्ही डोळे मिटले नाहीत. मीच मिटले. मोहोळला उतरून तुम्ही टायरांच्या मधी हात घातलात आणि म्हणालात, "ग्वाड हाय. नांदतील आता." काय बाई होता हो तुम्ही! तुमच्यासारखं मला आयुष्यात एकदाही वागता आलं नाही.

हे गेल्या पौषात गेले. खाटेवर, म्हातारे होऊन, नातवाच्या हातचं पाणी पिऊन. टायर जन्मात कितीतरी फुटले यांचे, गाडी एकदाही कलंडली नाही. ज्याच्यासाठी तुम्ही उभ्यानं पाणी प्यायचात तो मुलगा गाडीखाली गेला नाही, आत्याबाई, एवढं तुम्हाला कळायला पाहिजे होतं. आता हे नाहीत, आणि हा कागद काही कुठं जायचा नाही, म्हणून जे कुणाला बोलले नाही ते लिहिते. त्या सकाळी माझा हात चुड्यासकट, बेतानं का होईना, आत जात होता. तुम्ही मनगट धरून तो टायरावर दाबलात, चांगला जोर लावून. मी वर बघितलं, तर तुमचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच, पोराच्या तोंडाकडं होतं. मला रडू आलं नव्हतं, आत्याबाई. तुमच्या त्या डावात तुम्ही एकट्या पडू नयेत म्हणून मी गळा काढला.